पिल्लांसाठी लाल बल्ब: किती वॅट, किती उंचीवर, आणि लटकवायचा कशाने?

निफाडचा_गारठा

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात राहतो, द्राक्षबाग आहे आणि जोडीला दोन वर्षांपासून वराहपालन चालू केलंय, सध्या ३ माद्या आहेत लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या आणि एक नर. ज्यांना पिल्लं वाचवायचा खरा अनुभव आहे त्यांनी कृपा करून वेळ काढून उत्तर द्या.

मागच्या हिवाळ्यात पहिली मादी व्यायली. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, बागेत मणी तडकू नयेत म्हणून लोक शेकोट्या पेटवतात, अशी थंडी. १० पिल्लं झाली, सगळी जिवंत. मी पोल्ट्रीच्या दुकानातून २५० वॅटचा लाल बल्ब आणलेला, तो पत्र्याच्या अँगलला वायरनेच बांधून खाली सोडला, होल्डर साधा प्लास्टिकचा. पहिल्या रात्री २ पिल्लं आईखाली चेंगरली, दुसऱ्या रात्री अजून एक, आणि सकाळी एक कोपऱ्यात गार पडून मेलेलं. बल्ब चालू होता तरी पिल्लं आईलाच चिकटून झोपत होती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तिसऱ्या रात्री १ च्या सुमारास कसलातरी जळका वास आला म्हणून शेडमध्ये गेलो तर होल्डर वितळून लांबट झालेला आणि बल्ब भुशावर पडलेला, भुशात ताटलीएवढा काळा डाग पडून धूर निघत होता. ५ मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं याचा विचार करून अजून झोप लागत नाही. शेडला लागूनच कडब्याची गंजी आहे.

आता दोन माद्या ३-४ आठवड्यात व्यायच्या आहेत, ११४ दिवसांच्या हिशोबाने एक १९-२० दिवसांवर आहे, दुसरी त्यानंतर आठवड्याने. वडील म्हणतात बल्ब नकोच, कोळशाची शेगडी ठेव, जुनी माणसं हेच करायची. मला वाटतं बल्ब नीट लावला तर जमेल. तर बल्ब किती उंचीवर, कुठल्या बाजूला, किती दिवस ठेवायचा, आणि लटकवायचा कसा, सविस्तर सांगा. रात्रीची लाइट पण आमच्याकडं भरवशाची नाही.

गडहिंग्लजचा_शेतकरी

भाऊ तुमचं वाचून वाईट वाटलं, ४ पिल्लं म्हणजे थोडीथोडकी नाहीत. माझ्याकडं ८ माद्या आहेत आणि सुरुवातीला मीबी असंच गमावलंय.

तुमचा बल्ब चालू असून पिल्लं आईकडं का जात होती ते सांगतो. बल्ब बहुतेक लांबच्या कोपऱ्यात होता आणि खाली कोबा गार होता, बरोबर? पिल्लू जन्मल्या जन्मल्या दोनच गोष्टी शोधतंय, सड आणि ऊब. आईच्या कासेजवळ दोन्ही मिळतात, मग ते ६ फूट लांबच्या बल्बाकडं कशाला जाईल? म्हणून पहिले दोन दिवस बल्ब पिल्लांच्या वाटेवर पाहिजे. मी व्यायच्या टायमाला एक बल्ब मादीच्या मागच्या बाजूला लावतो, जिथं पिल्लू बाहेर पडतं तिथं, आणि दुसरा कासेच्या बाजूला फूट-दीड फूट अंतर सोडून. मागचा बल्ब एका दिवसानंतर काढतो. बाजूचा तसाच ठेवायचा, तीच पिल्लांची कायमची जागा. बल्ब आदल्या दिवशीच चालू करायचा बरं का, गार कोबा तापायला वेळ लागतो, पिल्लू आल्यावर बटण दाबून काय उपयोग नाही. खाली रबरी मॅट नाहीतर जाड बारदान, आणि वर भाताचं तूस कोरडं.

उंचीचं म्हणाल तर २५० वॅटला पिल्लाच्या पाठीपासून दीड ते दोन फूट. दीड फुटाच्या खाली कधीच नको, पाठ भाजते पिल्लाची, मी एकदा बघितलंय, कातडी लाल होऊन नंतर खपली धरली. तुम्ही तूस वरून टाकत जाता तसं अंतर कमी होत जातं हे विसरू नका, मापायचं ते वरच्या थरापासून. आपला हात पालथा करून पिल्लाच्या पाठीच्या उंचीला मिनिटभर धरा, चटका बसून हात काढावा वाटला तर बल्ब खाली आहे.

पण खरं माप पिल्लंच सांगतात. रात्री १०-११ ला गुपचूप जाऊन बघा. एकावर एक ढीग करून झोपलीत, केस ताठ, म्हणजे गारठलीत. बल्बच्या बरोबर खाली जागा मोकळी आणि पिल्लं गोल कडं करून बाहेरच्या बाजूला, म्हणजे जास्त गरम होतंय. शेजारी शेजारी कुशीवर आडवी पडून पाय लांब सोडलेत म्हणजे झक्कास. माझी बायको तर नुसत्या आवाजावरून सांगते गारठलीत का भुकेजलीत.

अजून एक, पहिल्या ३ दिवसात मादीला खायला घालताना पिल्लांना उचलून बल्बखाली ठेवायचं आणि फळी लावून तासभर कोंडायचं. मादी उठते-बसते तेव्हाच चेंगरतात जास्त, आणि पिल्लांनाबी आपली जागा कळते. चौथ्या दिवशी आपोआप जातात. ही गोष्ट फुकट आहे आणि यानेच माझी सगळ्यात जास्त पिल्लं वाचलीत.

वायरमन_सातारा

मी वराहपालन करत नाही, पण गेली २२ वर्षं वायरिंग करतो आणि पोल्ट्री शेडची बरीच कामं केलीत. फक्त विजेचं बोलतो.

तुमच्याकडे जे झालं त्यात बल्बचा दोष नाही, लटकवण्याचा आणि होल्डरचा आहे. घरात आपण १० वॅटचे एलईडी लावतो त्याला प्लास्टिकचा होल्डर चालतो. २५० वॅटचा बल्ब रात्रभर चालला की मानेजवळ एवढी उष्णता होते की प्लास्टिक मऊ होतं, आणि तुम्ही वजन वायरवर दिलेलं म्हणजे ते ओढलं गेलं. या बल्बला चिनी मातीचा होल्डरच लागतो, आट्याचा, कारण हे बल्ब बहुतेक आट्याचेच येतात. त्यातसुद्धा एक बघायचं: फेज मधल्या पत्तीला आणि न्यूट्रल बाजूच्या आट्याला. उलटं जोडलं तर बल्ब लागतो, कळत नाही, पण बल्ब फिरवताना आट्याला बोट लागलं की झटका. टेस्टर लावून बघा, एका मिनिटाचं काम आहे. बटणही फेजवरच पाहिजे.

होल्डरच्या वर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची टोपी आणि खाली तारेची जाळी असलेला सेट पोल्ट्रीवाल्यांकडे मिळतो, तोच घ्या. जाळी यासाठी की बल्ब पडलाच तर काच थेट तुसाला टेकू नये, आणि मादीने तोंड मारलं तर काच फुटू नये. टोपीला अर्थिंग करा. वायर ३ कोरची घ्या, १.५ स्क्वेअर एमएम, तांब्याची, आणि होल्डरजवळचा वीतभर भाग काचेच्या धाग्याच्या स्लीव्हमध्ये घाला. नाहीतर तिथलं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. जुने होल्डर मी उघडून बघितलेत, वायरचं आवरण हात लावला की पापडासारखं मोडतं आणि आतलं तांबं उघडं पडतं.

लटकवायचं साखळीने. वायर कधीच भार घेणार नाही, ती ढिली सोडलेली पाहिजे. आणि साखळीला एस आकाराचा हुक लावू नका, मादीने खालून धक्का दिला की तो निसटतो. कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसा बंद होणारा खटक्याचा हुक लावा. त्याशिवाय दुसरी साखळी वेगळ्या खिळ्याला, पहिलीपेक्षा इंचभर ढिली. पहिली सुटली तर दुसरीने बल्ब तुसापासून फूटभर तरी वर अडकला पाहिजे. एवढं केलं असतंत तर त्या रात्री काहीच झालं नसतं.

अजून एक कळकळीने सांगतो. बाळंतपणाचा कप्पा जीआय पाइपचा असेल तर त्या पाइपला अर्थिंग हवंच, आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, एमसीबी शॉर्ट झालं की पडतो, माणसाला किंवा जनावराला झटका बसला तर तो पडेलच असं नाही. ओला कोबा, मूत, लोखंडी पाइप आणि अनवाणी पाय, यापेक्षा वाईट जागा विजेसाठी दुसरी नाही.

निफाडचा_गारठा

दोघांचे मनापासून आभार. गडहिंग्लजवाले दादा, अगदी बरोबर ओळखलंत, बल्ब समोरच्या कोपऱ्यात होता कारण तिथं बोर्ड जवळ होता म्हणून. म्हणजे मी माझ्या सोयीने लावला, पिल्लांच्या नाही.

वायरमन साहेब, आज होल्डर उघडून बघितला, तुम्ही म्हणता तसंच, वायर हातात आली. माझा कप्पा ७ फूट बाय ५ फूट आहे, पाइपचाच आहे, अर्थिंग नाही. दोन कप्पे म्हणजे सुरुवातीला ४ बल्ब, तर १००० वॅट. एका एक्स्टेंशन बोर्डवर चालेल का?

आणि शेगडीचं कोणीच बोललं नाही. वडील ऐकत नाहीयेत, ते म्हणतात विजेने आग लागते, शेगडीने आपण लहानपणापासून शेकत आलो.

वायरमन_सातारा

१००० वॅट म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास, आकडा मोठा नाही. पण एक्स्टेंशन बोर्ड नको. शेडमधल्या अमोनियाने त्याच्या पत्त्या काळ्या पडतात, पकड ढिली होते, आणि ढिल्या जोडावर कमी अँपिअरलासुद्धा ठिणगी पडते. दोन कप्प्यांसाठी भिंतीवर माणसाच्या उंचीला वेगवेगळे प्लग पॉइंट काढून घ्या, जिथे मादीचं तोंड पोचणार नाही आणि पाणी मारताना शिंतोडे उडणार नाहीत. मध्ये टेप मारलेला जोड कुठेही नको. उंदीर आहेत का शेडमध्ये? असणारच. मग वायर कॉन्ड्यूट पाइपमधून न्या.

डॉक्टर_निवृत्त

मी पशुवैद्यक, नोकरीतून निवृत्त आहे. शेगडीचं मी सांगतो, आणि वडिलांना हे वाचून दाखवा.

काका, बंद शेडमध्ये कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत आपण पडदे सोडून शेड बंद करतो, म्हणजे तो वायू तिथेच कोंडतो. गाभण मादीच्या रक्तात तो गेला की पोटातल्या पिल्लांना प्राणवायू पोचत नाही आणि व्यायला आल्यावर पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली निघतात. मादी मात्र वरून ठणठणीत दिसते, त्यामुळे कोणाला शेगडीचा संशयही येत नाही. लोक रोग शोधत बसतात. आणि रात्री शेडमध्ये झोपणाऱ्या माणसालाही तोच धोका. तुमच्या लहानपणी शेकोटी अंगणात होती, वर आभाळ मोकळं होतं. बंद शेडमध्ये शेगडी नको.

आता पिल्लांविषयी. डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा वजन सव्वा किलोच्या आसपास, अंगावर केस विरळ, कातडीखाली चरबी जवळजवळ नाहीच, आणि अंग ओलं. वासरासारखं त्याला मादी चाटूनही कोरडं करत नाही. आईच्या पोटात ३९ अंश, आणि बाहेर तुमच्या निफाडचे ६. पहिल्या अर्ध्या तासातच अंगाचं तापमान खाली येतं. त्याला सुखाने राहायला पहिल्या दिवशी ३४-३५ अंश लागतात, आठवड्याभरात ३०-३२ वर आणा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २८, आणि महिन्याचं झालं की २५ पुरे. मादीला मात्र १८ ते २२ बरं वाटतं. त्याहून जास्त गरम झालं की ती खाणं कमी करते, दूध आटतं. म्हणून अख्खी शेड तापवायच्या मागे लागू नका, आणि बल्बचा झोत कासेवर पडू देऊ नका. एकाच कप्प्यात दोन हवामानं करायची आहेत, एक आईचं, एक लेकरांचं.

पिल्लू गारठलं की नुसतं थंडीने मरतं असं नाही. ते सुस्त होतं, सडापर्यंत जात नाही, चीक मिळत नाही, अंगातली शक्ती संपते, मग आईच्या अंगाला चिकटून पडून राहतं आणि ती बसताना त्याला बाजूला होता येत नाही. आपण म्हणतो आईने चेंगरलं. तुमच्या त्या ३ पिल्लांचंही असंच झालं असावं. आणि चीक तर डुकराच्या पिल्लाला सगळ्यात मोठा आधार, कारण आईची रोगप्रतिकारशक्ती गर्भात असताना त्याला मिळत नाही, ती फक्त चिकातून मिळते, तीही पहिल्या २४ तासांत. त्यानंतर आतडं ती घेतच नाही.

म्हणून व्यायच्या वेळी हजर राहा. कोरड्या स्वच्छ फडक्याने प्रत्येक पिल्लू पुसा, नाक-तोंड मोकळं करा, बल्बखाली दोन मिनिटं ठेवा आणि सडाला लावा. एखादं अगदी गार पडलेलं असेल, तोंडात बोट घातलं तर जीभ गार लागते, अशाला तसंच दूध पाजू नका, गिळता येत नाही आणि ते फुप्फुसात जातं. आधी कोमट पाण्यात मानेपर्यंत धरा, हाताच्या कोपराला ऊन लागेल एवढंच पाणी, मग खसखसून पुसा, बल्बखाली ठेवा, चोखायला लागलं की चीक.

तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन विसरू नका. आणि बल्ब, टोपी, मॅट दुसऱ्याच्या फार्मवरून उसने आणू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग अशा वस्तूंवरूनही पसरतो. तो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला तेव्हापासून देशात फिरतोय आणि त्यावर औषध नाही.

बार्देशची_ताई

मी गोव्यातून. आमची डुकरं थोडीच, घरामागं, ५-६ माद्या असतात. तुमच्यासारखी थंडी आमच्याकडे नाही म्हणून मला आधी वाटायचं आपल्याला बल्ब कशाला. मग एका पावसाळ्यात जुलैमध्ये वेत झालं आणि ७ मधली ३ गेली. बाहेर २४-२५ अंश होते, मला स्वेटरसुद्धा लागत नव्हता. पण जमीन ओलसर, वारा सुटलेला, आणि डॉक्टर म्हणतात ते ३४ कुठं आणि २४ कुठं. आपल्या अंगावरून पिल्लाची थंडी मोजायची नाही हे मी तेव्हा शिकले.

मी आता पेटी वापरते. जुन्या प्लायवूडची, ४ फूट लांब, २ फूट रुंद, अडीच फूट उंच, वर झाकण, समोर पिल्लू जाईल एवढी खिडकी. ८-१० पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे आरामात मावतात. झाकणाला गोल भोक पाडून त्यात टोपीसकट बल्ब बसवलाय, टोपी पत्र्याच्या कडीवर बसते, लाकडाला टेकत नाही. पेटीत ऊब कोंडून राहते म्हणून २५० लागतच नाही, १०० वॅटचा पुरतो. २५० चा एक बल्ब दिवसरात्र चालला तर रोजची ६ युनिटं, दोन आठवड्यांची ८४. १०० चा लावला तर रोजची अडीच युनिटंसुद्धा होत नाहीत. आणि लाइट गेली तरी पेटीतली ऊब लगेच जात नाही, पिल्लं एकमेकांच्या अंगाने टिकवतात.

खिडकीला मी आधी गोणपाटाचा पडदा लावलेला, तो काढला, सुटून बल्बला लागला तर पेटायचा. आता जाड प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यापण बल्बपासून लांबच्या टोकाला.

पेटीला एकच वाईट, आत काय चाललंय ते दिसत नाही. दिवसातून चार वेळा झाकण उचलून बघायचा कंटाळा करायचा नाही. मी आत एक थर्मामीटर पण ठेवते, पिल्लांच्या उंचीवर, भिंतीला वर टांगून काही कळत नाही.

नवीन_सभासद_लातूर

साधा एलईडी बल्ब ४-५ लावले तर चालणार नाही का? वीज पण कमी लागेल. आणि लाल घ्यायचा का पांढरा?

गडहिंग्लजचा_शेतकरी

नाही भाऊ. एलईडीला हात लावून बघा, खाली ऊब काहीच येत नाही, ५ काय २० लावले तरी. वीज कमी लागते ती त्याचमुळं. जुने १०० वॅटचे तारेचे बल्ब मिळाले तर पेटीत चालतात, पण त्याची काच पातळ, पाण्याचा एक थेंब उडाला की फट्. इन्फ्रारेड घ्यावा, जाड काचेचा. लाल-पांढऱ्याची ऊब सारखीच, लालचा उजेड डोळ्यावर कमी येतो, मादी शांत झोपते, म्हणून मी लाल घेतो.

बॅटरीवाला_जुन्नर

लाइट जाते त्यावर माझं. माझ्याकडं १५० एएचची बॅटरी आणि घरचाच इन्व्हर्टर आहे, २५० चा एक बल्ब त्यावर साधारण ५ तास निघतो, बॅटरी नवीन असेल तर. तेच पेटी करून १०० चे दोन बल्ब दोन पेट्यांना दिले तर रात्र बऱ्यापैकी निघते. इन्व्हर्टरवर फक्त पेट्या ठेवा, बाकी मोटर-बिटर काही जोडू नका.

इन्व्हर्टर नसेल तर कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, झाकण घट्ट, बारदानात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवायच्या. दोन-अडीच तासांनी पाणी बदलावं लागतं, रात्री तीनदा उठावं लागेल, पण मी दोन हिवाळे याच्यावर काढलेत. अगदी उकळतं भरू नका, बाटली मऊ पडते. आणि वाऱ्याची बाजू बंद करा, खालचे दोन फूट तरी. जाळीतून येणारा झोत बल्बाची सगळी मेहनत वाया घालवतो. वरची हवा मात्र मोकळी ठेवा, नाहीतर अमोनियाने डोळे झोंबतात.

निफाडचा_गारठा

पाव महिन्यात आख्खी शेड बदलली. वडिलांना डॉक्टरांचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं, मेलेल्या पिल्लांचं ऐकल्यावर गप्पच झाले, मग म्हणाले आपल्या मामांच्या गोठ्यात असंच झालेलं, म्हैस पण सुस्तावली होती, आणि स्वतः उठून शेगडी माळ्यावर ठेवून आले. पेट्या त्यांनीच ठोकल्या, दोन, ताईंच्या मापाच्या, फक्त खिडकी थोडी मोठी. गंजी पण ४० फूट लांब हलवली. वायरिंग गावातल्या मिस्त्रीकडून करून घेतलं, आरसीसीबी बसवला, त्याचं टेस्टचं बटण दाबून बघितलं, पडतो. पाइपला अर्थिंग केलं.

मादी व्यायला आली की मागच्या बाजूला २५० चा आणि पेटीत १०० चा, असं ठरवलंय. कळवतोच.

निफाडचा_गारठा

व्यायली! परवा रात्री साडेदहाला पहिलं पिल्लू आलं आणि पहाटे दोन वाजता वार पडली. ११ झाली, एक मेलेलं निघालं, १० जिवंत. बाहेर ७ अंश होते. मी, बायको आणि वडील तिघंही तिथंच. बायको पुसत होती, वडील पेटीत ठेवत होते, मी सडाला लावत होतो. आठवं पिल्लू अगदी बारीक, ८०० ग्रॅमचं, हातात घेतलं तर ओल्या कपड्यासारखं लोंबत होतं, तोंडात बोट घातलं तर आतून गार. डॉक्टरांनी सांगितलं तसं कोमट पाण्यात धरलं. दहा-बारा मिनिटं काहीच नाही. मग त्याने माझ्या अंगठ्याला पकडून चोखायला सुरुवात केली, हळूच, आणि वडील म्हणाले, आता दे, आता दे. चीक पाजला. ते आज पण आहे, सगळ्यात मागच्या सडाला लटकलेलं असतं, मी त्याला रोज दोनदा पुढच्या सडाला नेऊन लावतो.

आज तिसरा दिवस, १० ची १० आहेत. काल रात्री ११ ला झाकण उचलून बघितलं, ओळीने कुशीवर झोपलेली, एकाचा पाय दुसऱ्याच्या मानेवर, पोटं वर-खाली होतायत. मी बराच वेळ तसाच उभा होतो, मग लक्षात आलं की ऊब चाललीय म्हणून झाकण लावलं.

पहाटे एकदा दीड तास लाइट गेली, इन्व्हर्टरवर निघालं. मागचा २५० चा काल काढला. पेटीत आत्ता थर्मामीटर ३३ दाखवतोय. डॉक्टर, हा १०० चा बल्ब नेमका कधीपासून कमी करू? आणि दुसरी मादी ४-५ दिवसांत व्यायची आहे, तिला पण हेच ठेवतो.

डॉक्टर_निवृत्त

फार आनंद झाला. ८०० ग्रॅमचं वाचलं हे तुमच्या तिघांच्या जागरणाचं फळ. त्याला पुढच्या सडाला लावताय ते चालू ठेवा, पण २-३ दिवसांत पिल्लांचे सड ठरून जातात, मग मोठी पिल्लं त्याला हुसकतील, तेव्हा मोठ्या ४-५ पिल्लांना तासाभरासाठी पेटीत कोंडून त्याला निवांत पिऊ द्या.

बल्ब या आठवड्यात दिवसरात्र राहू द्या. दुसऱ्या आठवड्यात दुपारी ऊन असेल तेव्हा बंद करून बघा आणि पिल्लं कशी झोपतात त्यावर ठरवा. तिसऱ्या आठवड्यात फक्त रात्री. तुमच्याकडच्या थंडीत रात्रीचा बल्ब महिनाभर लागेल. एकदम एका दिवशी काढू नका, त्यानेही हगवण लागते.

वायरमन_सातारा

अभिनंदन दादा. दुसरी मादी व्यायच्या आत एक काम करून घ्या. होल्डरचे स्क्रू बल्ब तापून-गार होऊन ढिले पडतात, चार-पाच दिवस चालल्यावर मेन बंद करून, बल्ब पूर्ण गार होऊ देऊन, ते परत आवळा. टोपीवर आणि बल्बवर तुसाची धूळ, कोळ्याची जाळी बसली असेल तीपण कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नाही. आणि पेटीच्या भोकाच्या कडेला प्लायवूड तपकिरी झालंय का ते बोट फिरवून बघा, झालं असेल तर भोक अजून इंचभर मोठं करून पत्र्याची कडी रुंद घाला.